उपनगरातील प्रकाशतंतू : वेगाची जाहिरात आणि सेवेची निवड

डोंबिवलीतील एखाद्या जुन्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले असता शेजारच्या गच्च्यांकडे जाणाऱ्या काळ्या तारांचा एक जुडगा सहज दृष्टीस पडतो. त्यांपैकी काही तारा केबल-दूरदर्शनाच्या काळापासूनच्या असून आज निर्जीव आहेत. काहींच्या पोटात तांबे आहे. आणि काहींच्या पोटात केसाएवढ्या जाडीचा काचेचा तंतू आहे. खाली फाटकापाशी निरनिराळ्या कंपन्यांचे फलक लावलेले असतात व प्रत्येक फलकावर एक मोठा आकडा असतो : १००, ३००, १०००. हा आकडा नेमका कशाचे माप आहे, आणि तो पाहून एका कंपनीऐवजी दुसरी निवडणारा गृहस्थ वस्तुतः कशाची निवड करीत असतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. २०२० नंतर संशोधक विद्यार्थ्याचे टेबल, ग्रंथालय आणि कित्येकदा मौखिक परीक्षेचे दालनही घरातच आले असल्यामुळे हा प्रश्न निव्वळ गृहव्यवस्थेचा राहिलेला नाही.

प्रथम 'फायबर' या शब्दाविषयी. काचेच्या तंतूतून दूरसंदेश पाठविणे व्यवहार्य आहे, मात्र त्यासाठी प्रकाशाचा ऱ्हास दर किलोमीटरला २० डेसिबेलच्या आत आला पाहिजे, असे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ साली मांडले. १९७० साली कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा गाठली. आजच्या चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला हा ऱ्हास किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेल इतकाच असतो. तंतूच्या अंगभूत सामर्थ्याविषयी संशय घेण्याचे कारण नाही, ते यावरून ध्यानी यावे. संशय घ्यावयाचा तो तंतू कोठे संपतो याविषयी. उपनगरांत असंख्य जोडण्या अशा आहेत की, काच इमारतीच्या गच्चीपर्यंत येते, तेथे एका पत्र्याच्या पेटीतील स्विचमध्ये तिचा प्रवास संपतो व पुढे जिन्यावरून तांब्याची लॅन केबल घरात उतरते. पावती मात्र 'फायबर'चीच असते. ही व्यवस्था वाईटच असे नव्हे. तांब्याची ही तार १०० मीटरच्या मर्यादेत उत्तम काम देते. परंतु गच्चीवरच्या स्विचला वीज लागते. सोसायटीचा वीजपुरवठा गेला की तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी जोडणी बंद पडते. आणि पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्याच्या वाटेने तिचा प्रसाद त्या स्विचला, क्वचित घरातील राउटरलाही मिळतो. काच विद्युत्‌वाहक नसल्यामुळे हे भय तिला नाही.

याच्या उलट जेथे तंतू थेट घरातील पेटीपर्यंत येतो, तेथे वाटेत विजेवर चालणारे उपकरण बहुधा नसते. केंद्रातून निघालेला एक तंतू निष्क्रिय विभाजकांच्या साहाय्याने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. प्रकाशाचे दोन भाग केले की प्रत्येक वाट्यास निम्मी शक्ती, म्हणजे ३ डेसिबेलची घट. यावरून ३२ भागांस किमान १५ डेसिबेल खर्ची पडतात. या प्रकारच्या जाळ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका वर्गातील उपकरणांची एकूण सहनमर्यादा २८ डेसिबेलची असते. उरलेल्या तेरांत तंतूची लांबी, विभाजकाचा स्वतःचा ऱ्हास, सांधे आणि दाराच्या कोपऱ्यात करकचून वळविलेली तार या साऱ्यांचा हिशेब बसवावा लागतो. दुरुस्तीस आलेला मुलगा हातातील यंत्राने 'पॉवर' पाहतो, तो हाच हिशेब होय. पेटीवरील लाल दिवा लागला म्हणजे हा हिशेब पूर्णपणे कोसळला, प्रकाशच पोहोचत नाही, एवढा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी राउटर पुनःपुन्हा बंद-चालू करण्याने काही साधत नाही.

आता फलकावरील आकड्याकडे वळू. जीपॉन नावाच्या सर्वाधिक प्रचलित मानकानुसार केंद्राकडून घराकडे येणाऱ्या दिशेची एकूण क्षमता दर सेकंदाला २,४८८ मेगाबिट व उलट दिशेची १,२४४ मेगाबिट असते, आणि ती विभाजकावरील सर्व घरांना मिळून असते. ३२ घरांनी प्रत्येकी १०० मेगाबिटची सेवा घेतली तर बेरीज ३,२०० होते. म्हणजे कागदावर पाहता कंपनीने आपल्यापाशी असलेल्यापेक्षा अधिक विकले! सामान्य ग्राहकास ही लबाडी वाटते. तथापि ती लबाडी नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून हाच प्रश्न टेलिफोनच्या संदर्भात सोडविला होता : सर्व ग्राहक एकाच क्षणी बोलत नाहीत, सबब ग्राहकांपेक्षा कितीतरी कमी मार्गांवर काम भागते आणि किती कमी मार्गांवर भागेल हे संभाव्यतेच्या गणिताने ठरविता येते.

येथे एक फरक मात्र विद्यार्थ्यांनी विसरू नये. एर्लांगच्या गणितात संभाषणे यदृच्छेने व परस्परांपासून स्वतंत्रपणे सुरू होतात असे गृहीत आहे. संगणकीय रहदारी तशी वागत नाही. लेलँड, टॅक्कू, विलिंगर व विल्सन यांनी बेलकोर या अमेरिकन संस्थेतील जाळ्याच्या मोजमापांवरून १९९४ साली असे दाखवून दिले की, या रहदारीतील लाटा कालमान वाढविले तरी सपाट होत नाहीत. सेकंदाच्या आलेखात जसे उंचवटे दिसतात तसेच मिनिटांच्याही आलेखात दिसतात. शिवाय उपनगरातील घरे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. संध्याकाळी गाड्या भरभरून माणसे परत येतात, जेवणे उरकतात आणि क्रिकेटचा सामना असला तर एकाच षटकाला शेकडो घरे एकाच चित्राची मागणी करतात. म्हणून सेवेची परीक्षा सकाळी अकरा वाजता घेण्यात काही अर्थ नाही. ती रात्री नऊ ते अकरा या वेळेतच घेतली पाहिजे. तेथेही खरी अडचण बहुधा विभाजकापाशी नसते. ती पुढे, छोट्या सेवादात्याने मोठ्या कंपनीकडून घाऊक विकत घेतलेल्या क्षमतेच्या मुखाशी असते, आणि ती ग्राहकास कधीच दिसत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडसाठी गुणवत्तेचे जे विनियम केले, त्यांत कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे अशी अट होती. पण तो वेग मोजावयाचा सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. केंद्राच्या पलीकडे काय घडते ते या अटीत येत नव्हते. वेगमापनाची जी साधने सर्वत्र वापरली जातात त्यांचेही पुष्कळदा असेच होते. त्यांचा परीक्षक संगणक त्याच शहरात, कित्येकदा त्याच सेवादात्याच्या जाळ्यात ठेवलेला असतो आणि मापनासाठी एकाच वेळी अनेक प्रवाह उघडले जातात. मिळणारा आकडा खोटा नसतो. तो फक्त गल्लीच्या तोंडापर्यंतचा रस्ता रुंद आहे एवढेच सांगतो.

संशोधकास ज्याची गरज असते ते पुष्कळदा दूर असते. तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागणे निसर्गतःच अशक्य, आणि समुद्रतळाची वाट सरळ नसल्यामुळे प्रत्यक्षात तो याहून बराच अधिक लागतो. येथे १०० च्या जागी १,००० मेगाबिटची सेवा घेऊन एक मिलिसेकंदही वाचत नाही. उलट, पोच येईपर्यंत संगणक जितका मजकूर पाठवून थांबतो तेवढ्यावरच प्रवाहाची गती अवलंबून असते. ६४ किलोबाइटांच्या मर्यादेने व १०० मिलिसेकंदांच्या फेरीने ती सेकंदाला ५.२ मेगाबिटच्या वर जात नाही, मग तार कितीही जाड असो. ही मर्यादा वाढविण्याची तरतूद १९९२ सालीच झाली आणि आजच्या प्रणाली ती पाळतात. परंतु तत्त्व कायम आहे : एका पॅकेटाची गळतीसुद्धा दूरच्या प्रवाहाला जवळच्यापेक्षा फार महाग पडते. चलचित्रे सुरेख दिसतात आणि परदेशी विदागारातील संच मात्र रेंगाळतो, या नेहमीच्या तक्रारीचा उलगडा येथे होतो. लोकप्रिय चलचित्रांच्या प्रती सेवादात्याच्याच आवारात साठविलेल्या असतात. विदासंच समुद्र ओलांडून येतो.

आणि समुद्राची वाट नाजूक आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या केबली भूमीवर येतात, त्यांतील पश्चिमेकडे जाणाऱ्या केबली तांबड्या समुद्रातून जातात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हा भारतातील रहदारी मंदावली. ज्या सेवादात्याने पूर्वेकडून, सिंगापूरच्या मार्गाने, पर्यायी क्षमता राखून ठेवली असेल त्याचे ग्राहक अशा प्रसंगी तरतात. हा गुण कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो.

घरातील विलंबाचे आणखी एक कारण सांगणे अवश्य आहे, कारण तेवढे मात्र ग्राहकाच्या हाती असते. समजा, घरातून बाहेर जाणारा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे आणि राउटरमध्ये १ मेगाबाइटची प्रतीक्षारांग मावते. कोणी सहलीची छायाचित्रे चढवू लागले की ती रांग भरून जाते व तिच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटास ८ मेगाबिट पुढे सरकेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे ०.८ सेकंद. तेवढ्या वेळात पलीकडच्या परीक्षकाने प्रश्न विचारून 'ऐकू येते का?' असेही विचारलेले असते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली रांग आवरण्याची एक सुबोध रीत प्रसिद्ध केली. ती ज्या राउटरमध्ये आहे तो घेतल्यास अधिक वेगाच्या योजनेपेक्षा कमी खर्चात अधिक लाभ होतो, असे आमचे मत आहे. त्याचप्रमाणे वाय-फायचे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच. चाळवजा दाट वस्तीत वीस शेजाऱ्यांचे राउटर त्या तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बसलेले असतात. कंपनीला दूषण देण्यापूर्वी संगणक तारेने जोडून एकदा पाहावा.

आता निवडीचा प्रश्न. एका रस्त्यावर पाच कंपन्यांचे फलक असले तर तेथे पाच स्पर्धक आहेत असे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल. पण त्याने फलक मोजू नयेत, तारा मोजाव्यात. मोठ्या कंपन्यांपैकी काही, शेवटच्या टप्प्यासाठी, गल्लीतील केबलचालकाशीच भागीदारी करतात. त्यामुळे ग्राहकाने कंपनी बदलली तरी दारातील तार आणि दुरुस्तीस येणारा माणूस तोच राहण्याचा संभव असतो. वरच्या पातळीवरही नावे व मालक यांची संख्या सारखी नाही. हॅथवे व डेन या दोन केबल कंपन्यांतील बहुमताचा हिस्सा घेण्याचे रिलायन्सने २०१८ साली जाहीर केले. दोन्ही नावे त्यानंतरही चालू राहिली. आणि खालच्या पातळीवर सोसायटीची कार्यकारिणी आहे. गच्ची व जिना यांच्या किल्ल्या तिच्यापाशी असतात, आणि एखाद्या कंपनीस 'आमच्याकडे दोन आहेत, तिसरी नको' असे सांगून ती बाजाराची व्याप्ती ठरवून टाकते. प्राधिकरणाने २०२४ साली इमारतींच्या अंकीय जोडणीच्या गुणांकनाचे विनियम केले आहेत. त्यांमुळे नव्या इमारतींत तारांसाठी मोकळी वाट ठेवण्यास उत्तेजन मिळेल. फडके रस्त्याच्या आसपासच्या जुन्या इमारतींना त्याचा तूर्त विशेष उपयोग होईल असे वाटत नाही.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी सावधगिरी म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या होत्या. एका जुलैत, विद्यार्थ्याच्या सादरीकरणाच्या ऐन वेळी, दोन्ही एकदम बंद पडल्या. चौकशीअंती कळले की, दोघींच्याही तारा नाक्यावरील एकाच खांबावरून येत होत्या आणि एका झाडाची फांदी त्या खांबावर कोसळली होती. सादरीकरण शेवटी मोबाइलवरून पार पडले. दोन पावत्या म्हणजे दोन वाटा नव्हेत, हे ज्ञान त्या दिवशी आम्हांस काहीसे उशिराच झाले. तेव्हापासून दुसरी वाट म्हणून बिनतारी जोडणीच ठेवली आहे. ती मंद असली तरी त्या खांबावर अवलंबून नाही.

नवी जोडणी घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न यावरून ठरतात, आणि ते वेगाविषयी फारसे नाहीत. काच घरात येते की गच्चीवर थांबते? तार कोणत्या खांबांवरून येते? त्याच जिन्यातील शेजाऱ्याची जोडणी रात्री दहा वाजता कशी चालते आणि मागच्या पावसाळ्यात ती बंद पडली तेव्हा किती दिवसांनी माणूस आला? ज्याला घरातील संगणकाशी बाहेरून संपर्क साधावयाचा आहे, त्याने आणखी एक विचारावे : स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतो की, कित्येक ग्राहकांत मिळून एकच? आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईमुळे सामायिक पत्त्यांची रीत रूढ झाली असून त्यासाठी १००.६४ ने आरंभ होणारा एक संच २०१२ साली राखून ठेवण्यात आला. राउटरच्या पानावर तशा आरंभाचा पत्ता दिसला तर बाहेरून आत येण्याची वाट बंद आहे असे समजावे. आयपीव्ही६ चालू असल्यास तिच्यावर उपाय निघू शकतो.

सरकारी व्याख्येनुसार २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड होते. २०१३ साली ५१२ किलोबिट झाले व २०२३ साली २ मेगाबिट. या तिन्ही व्याख्या वेगाच्याच आहेत. २०२४ च्या नव्या गुणवत्ता-विनियमांत मात्र विलंब, विलंबातील चढउतार आणि पॅकेटांची गळती यांनाही स्थान मिळाले आहे. ही मापे कंपनीगणिक व राज्यगणिक नव्हे, तर वस्तीगणिक प्रसिद्ध होऊ लागली तर डोंबिवली पूर्वेच्या ग्राहकास तिचा उपयोग होईल. राज्याच्या सरासरीत त्याची गल्ली दिसत नाही. तोपर्यंत हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्याजोगे आहे. त्यास स्वस्त संगणक, तारेची जोडणी, दर दहा मिनिटांनी नोंद करणारी एक छोटी आज्ञावली आणि जिन्यातील शेजाऱ्यांची संमती एवढेच साहित्य लागते. पैकी शेवटचे मिळविण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो.