यंत्र धडधाकट, सुटा भाग दुर्मीळ

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याची गाडी भुईकाट्यावर चढते, वजन होते आणि व्यवहाराच्या शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. अशा पट्टीच्या एकाच वेळी दोन-तीन प्रती काढावयाच्या, तर कागदावर सुया आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो. शाईच्या वा लेझरच्या प्रिंटरला ते साधत नाही. म्हणूनच गावोगावच्या काट्यांवर आणि पेढ्यांवर असे प्रिंटर व त्यांना जोडलेले जुने संगणक वर्षानुवर्षे राबत असतात. त्यांपैकी एखादा बंद पडला, की दुरुस्तीवाल्याचे उत्तर ठरलेले: हा भाग आता येत नाही, नवे यंत्र घ्या.

यंत्र झिजते म्हणून मोडीत निघते, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकाच्या बाबतीत तो अपुरा आहे. काहीशे रुपयांचा एक भाग मिळत नाही, एवढ्याच कारणाने हजारो रुपयांचे यंत्र भंगारात जाते. डीडीआर-३ जातीच्या मेमरीच्या जागी डीडीआर-४ची पट्टी बसत नाही. दोहोंची खाच वेगळी, विजेचा दाबही वेगळा. जुना माल स्वस्त, हा व्यवहारातील नियमही येथे उलटतो. मोठ्या उत्पादकांनी डीडीआर-४चे उत्पादन आवरते घेताच २०२५ साली घाऊक बाजारात तिचा भाव काही काळ नव्या डीडीआर-५च्याही वर गेला. कारण उघड आहे. कारखानदार पुरवठा एका निर्णयाने थांबवू शकतो. घरोघरी व कचेऱ्यांतून चालू असलेल्या यंत्रांची मागणी मात्र त्या निर्णयाने थांबत नाही.

या परावलंबनाचा अनुभव देशाने पूर्वीही घेतला आहे. आयबीएमची १४०१ जातीची जी यंत्रे येथे भाड्याने चालत, ती पुष्कळशी परदेशी वापरून झालेली व येथे डागडुजी केलेली असत. परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट अमान्य करून त्या कंपनीने १९७८ मध्ये येथील कारभार आवरला. तेव्हा मागे उरलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. निर्माता निघून गेला म्हणून यंत्र थांबलेच पाहिजे असे नाही, हा त्यातील धडा होय. पिंपळगावच्या शेजारी ओझरला मिग-२१ विमानांची बांधणी १९८०च्या दशकात थांबली. ती विमाने वायुदलात राहिली सप्टेंबर २०२५ पर्यंत.

अर्थात सरकारला जे जमते ते एकट्यादुकट्या आडत्याला किंवा पतसंस्थेला जमत नाही. त्याला नाशिक, नाहीतर थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. तेथे मिळालेला वापरलेला भाग किती दिवस चालेल याची हमी कोणी देत नाही. भागाच्या किमतीत प्रवास, बुडालेला दिवस आणि ही जोखीम मिळवली, म्हणजे दुरुस्ती महाग का ठरते हे कळते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले. परंतु माहिती मिळणे म्हणजे भाग मिळणे नव्हे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनच्या उत्पादकांवर, विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरविण्याचे बंधन घातले आहे. असे बंधन आपल्याकडे संगणक व प्रिंटर यांनाही हवे. दुसरा उपाय भंगारातच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली असून, वस्तू दुरुस्त करून तिचे आयुष्य वाढविल्यास ती काही काळ पुढे ढकलण्याची सोयही ठेवली आहे. याच्या जोडीला, यंत्र धातूसाठी फोडण्यापूर्वी त्यातील चांगले भाग काढून, तपासून, ठरावीक मुदतीच्या हमीने विकण्याची व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यात झाली पाहिजे. जुना ट्रॅक्टर सुट्या भागांच्या बळावर वीस-पंचवीस वर्षे चालविणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. शिकावयाचे आहे ते धोरण आखणाऱ्यांनी.