फारसीतले निसर्गदृश्य आणि हरसूलचा सातबारा

समोर पसरलेल्या भूदृश्याला फारसीत तीन नावे आहेत. 'मंजरे' हे मूळ अरबी. 'पाहणे' या अर्थाच्या ज्या धातूतून आपली 'नजर' आली, त्याच धातूतले. 'दूरनमा' म्हणजे दूरचे दाखवणारे. तिसरे 'चश्मअंदाज' सर्वांत सुंदर: चश्म म्हणजे डोळा, अंदाज म्हणजे टाकणे. नजर टाकली की जिथवर पोचते, तेवढा मुलूख.

हे तिन्ही शब्द मराठीत रुळले नाहीत, पण त्यांचे घटक आपण रोज वापरतो. 'चष्मा' आणि 'अंदाज' आहेतच. 'दूरनमा'तला 'नमा' ज्या 'नमूदन' (दाखवणे) या क्रियापदाचा, त्याचाच 'नमुना'. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल परिसरात खोलगट भागात भाताची खाचरे, उतारावर नागली आणि वरई. या साऱ्या डोंगराळ भूदृश्याची सरकारदरबारी नोंद होते ती मात्र बरीचशी फारसी वाटेने आलेल्या शब्दांत: जमीन, जिरायत, बागायत, खरीप, रब्बी. 'पोटखराब' तर अर्धा मराठी, अर्धा अरबी. बहमनी आणि निजामशाही राजवटींत महसुलाच्या कारभारातून असे शब्द खेड्यापाड्यांत उतरले आणि मराठीच झाले. त्यांना परके म्हणणे अन्यायाचे ठरेल. घरातला सातबारा एकदा या दृष्टीने जरूर वाचा.