रूळ गेले, वाट राहिली

रेल्वे येणार म्हटलं की गावात केवढा उत्साह असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण रेल्वे जाते तेव्हा काय होतं? गाडी बंद झाली, रूळ उचलले, स्टेशनाला कुलूप लागलं. मग त्या गावांचं काय होतं आणि त्या रिकाम्या पट्टीचं काय करायचं? गेल्या साठ-सत्तर वर्षांत हा प्रश्न अनेक देशांपुढे आला. ट्रक आले, मोटारी आल्या आणि लहान फाट्यांवरच्या गाड्या तोट्यात गेल्या. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो किलोमीटरचे मार्ग बंद झाले. अमेरिकेतही तेच झालं. स्पेनमध्येही झालं.

या प्रश्नाचं एक उत्तर मोठं गमतीशीर निघालं. रूळ काढा, बारीक खडी दाबून बसवा, पुलांना फळ्या आणि कठडे लावा आणि ती वाट पायी चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना देऊन टाका. स्पेनने १९९३ पासून ‘हिरव्या वाटा’ या नावाने असे मार्ग तयार केले. आज आपण अशाच एका वाटेची ओळख करून घेणार आहोत. ती आहे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची ‘ओटागो सेंट्रल रेल ट्रेल’. अलीकडे विजेच्या सायकली आल्या, सोबत वाटाडे आले, आणि साठी ओलांडलेली माणसंसुद्धा ही १५२ किलोमीटरची वाट चार-पाच दिवसांत आरामात पुरी करू लागली. हे कसं जमतं, ते पाहू.

आधी थोडा इतिहास. ओटागो प्रांतात १८६१ मध्ये सोनं सापडलं आणि जगभरची माणसं तिकडे धावली. रेल्वे आली ती मात्र बरीच उशिरा. डनीडिन बंदराकडून आतल्या पठारावर जाणाऱ्या मार्गाचं काम १८७९ मध्ये सुरू झालं. रेल्वे १८९१ मध्ये मिडलमार्चला पोहोचली, १८९८ मध्ये रॅनफर्लीला, १९०७ मध्ये क्लाइडला आणि १९२१ मध्ये क्रॉमवेलला. म्हणजे काम चाळीस वर्षांहून अधिक चाललं! तोवर सोन्याचा बहर ओसरला होता. गाडीने वाहून नेली ती लोकर, मेंढरं, फळं आणि माणसं.

पुढे रस्ते सुधारले आणि गाडी रिकामी धावू लागली. क्लाइडजवळ मोठं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा त्याच्या वरच्या अंगाचा, क्रॉमवेलपर्यंतचा तुकडा १९८० मध्ये बंद झाला, कारण तो पाण्याखाली जाणार होता. उरलेला मार्ग चालू राहिला तो मुख्यतः धरणाचं सामान आणण्यासाठी. ते काम सरलं आणि १९९० मध्ये मिडलमार्चपलीकडचा मार्ग कायमचा बंद झाला. रूळ उचलले गेले. १९९३ मध्ये सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्याने ती पट्टी ताब्यात घेतली. १९९४ मध्ये एक न्यास स्थापन झाला. लोकांनी पैसे उभे केले, पुलांवर फळ्या ठोकल्या, आणि २००० साली संपूर्ण वाट खुली झाली.

सुरुवातीला सगळेच खूश नव्हते. ज्यांच्या शेताकुरणांमधून ही पट्टी जाते, त्या शेतकऱ्यांना वाटे, हे कुठले परके लोक येणार, फाटकं उघडी टाकणार, मेंढरं बिथरवणार! पण पुढे त्याच भागात घरातली रिकामी खोली पाहुण्यांना मिळू लागली, बंद पडत चाललेल्या खाणावळी पुन्हा उघडल्या, सायकली भाड्याने देणारे आणि सामान पोहोचवणारे नवे व्यवसाय उभे राहिले. आगगाडी गेल्याने जो पैसा आटला होता, तो सायकलीच्या वेगाने का होईना, परत येऊ लागला. २००९ पासून न्यूझीलंडने देशभर सायकलवाटांचं जाळं विणायला घेतलं, त्यामागे या वाटेच्या यशाचा मोठा वाटा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सायकलीसाठी रेल्वेचीच वाट इतकी सोयीची का? लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावतं. त्यामुळे सपाटीवर ते छान पळतं, पण चढावर घसरतं. म्हणून इंजिनिअर लोक चढ शक्य तितका सौम्य ठेवतात. आपल्या बोरघाटात १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली, तिथला चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका आहे आणि तो चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. ओटागोच्या या वाटेवर सर्वांत कडक चढ आहे तो ५० फुटांमागे एक फूट. सगळ्या वाटेवरचा उंच बिंदू वेडरबर्न आणि ओटुरेहुआ या गावांच्या दरम्यान आहे, समुद्रसपाटीपासून ६१८ मीटरवर. तिथवर आपण पोहोचतो, पण छाती फुटेल असा चढ कुठेच लागत नाही. डोंगर आडवा आला तर बोगदा, दरी आली तर पूल. शंभर वर्षांपूर्वी मजुरांनी पहार-फावड्याने केलेल्या कष्टांचं फळ आज आपल्या गुडघ्यांना मिळतं!

मग विजेची गरज काय? थोडं गणित करून पाहू. माणूस आणि सायकल मिळून वजन १०० किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर. वारा नसेल तर खडीच्या सपाट वाटेवर साधारण ७० वॅट शक्ती लागते. पन्नासास एक या चढावर त्यात आणखी ८० वॅटची भर पडते. सराव नसलेला, साठीतला निरोगी माणूस तासन् तास पायडल मारताना साधारण ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे चढावर तूट आली. पण खरा शत्रू चढ नव्हे, वारा! समोरून ताशी ३० किलोमीटरचं वारं आलं, तर निव्वळ हवा कापण्यासाठीच २०० वॅटच्या आसपास शक्ती खर्च होते. मॅनिओटोटोचं पठार उघडंबोडकं आहे, झाडांचा आडोसा फारसा नाही आणि वारं मनमानी करतं. विजेची सायकल ही तूट भरून काढते. तिचं खरं मोल तिथे कळतं.

ही सायकल म्हणजे स्कूटर नव्हे, हे लक्षात घ्यावं. मूठ पिळली की पळाली, असं सहसा नसतं. आपण पायडल मारायचं. पायडलपाशी बसवलेला संवेदक आपण किती जोर लावतो ते मोजतो, आणि त्या प्रमाणात मोटर आपल्या जोराला हातभार लावते. पाय थांबले की मोटर थांबली. हातभार किती हवा, ते हँडलवरच्या बटणाने ठरवता येतं. न्यूझीलंडच्या नियमाप्रमाणे ३०० वॅटपर्यंतची मोटर असेल तर ती सायकलच समजली जाते. हेल्मेट मात्र सर्वांना सक्तीचं आहे.

बॅटरी साधारण ५०० वॅट-तासांची असते. म्हणजे किती? आपल्या विजेच्या बिलावरचं अर्धं युनिट! किलोमीटरला सुमारे दहा वॅट-तास खर्च धरला तर एका भरण्यात ५० किलोमीटर जाता येतं. पण समोरून वारं असेल, मदत कायम कमालीवर ठेवली असेल किंवा थंडी कडाक्याची असेल, तर हा हिशेब कोलमडतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते. म्हणून जाणकार सांगतात, सपाटीवर मदत कमीत कमी ठेवा, चढासाठी आणि वाऱ्यासाठी राखून ठेवा. घरखर्चात जो शहाणपणा लागतो तोच इथे.

वाटाड्याच्या सोबतीचा उपयोग इथेच होतो. अशा सहलीत सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी जातं. बॅटऱ्या रात्री भरल्या जातात. पंक्चर झालं, साखळी तुटली, कुणी थकलं, तर गाडी बोलावता येते. वेगवान मंडळींना आवरणं आणि मागे राहिलेल्यांना धीर देणं हेही त्याचंच काम. साधारण विभागणी अशी करता येते: पहिल्या दिवशी क्लाइड ते लॉडर, सुमारे ४४ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी लॉडर ते रॅनफर्ली, तितकंच थोडं जास्त. तिसऱ्या दिवशी रॅनफर्ली ते हाइड आणि चौथ्या दिवशी हाइड ते मिडलमार्च, हे दोन टप्पे त्यामानाने छोटे.

वाटेत काय दिसतं? क्लाइड-अलेक्झांड्राच्या आसपास जर्दाळू आणि चेरीच्या बागा. मग पिवळं गवत आणि पत्थरांचे उघडे डोंगर. लॉडरच्या पुढे पूलबर्नची घळ लागते. तिथे दोन बोगदे आणि दरीवरचा सुमारे ३७ मीटर उंचीचा पूल आहे. त्याचे खांब तिथल्याच दगडांतून रचलेले आहेत. बोगद्यात दिवे नाहीत. विजेरी जवळ हवी आणि सायकलवरून उतरून चालत गेलेलं बरं. जुन्या गँगमनच्या झोपड्यांच्या धर्तीवर बांधलेले निवारे वाटेवर आहेत, त्यांत त्या जागेची माहिती लावली आहे. प्रवाशांना एक छोटं ‘पासपोर्ट’ पुस्तक मिळतं, जुन्या स्टेशनांच्या जागी त्यावर शिक्का मारून घ्यायचा. आजी-आजोबांपेक्षा नातवंडांनाच त्याचं वेड जास्त, असं वाटेल, पण प्रत्यक्षात दोघं सारखेच!

ओटुरेहुआ गावात हेज कुटुंबाचा जुना कारखाना आहे. अर्नेस्ट हेज यांनी १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी अवजारं बनवली. कुंपणाची तार ताणण्याचं त्यांचं यंत्र पुढे दूरवर गाजलं. पण ती अवजारं विकली कुणी? त्यांच्या पत्नी हॅना यांनी. त्या काळात, खडबडीत रस्त्यांवरून, सायकलवर बसून, मळ्यामळ्यावर जाऊन! ना मोटर, ना बॅटरी, ना मागून येणारी गाडी. त्या वाटेवर आपण हातभाराचं बटण दाबतो, तेव्हा या बाईंची आठवण ठेवायला हरकत नाही.

आणखी एक आठवण मात्र गंभीर आहे. ४ जून १९४३ रोजी हाइडजवळ क्रॉमवेलहून डनीडिनकडे जाणारी एक्स्प्रेस वळणावर रुळांवरून घसरली आणि २१ माणसं मरण पावली. कारण एकच, वळणाला झेपणार नाही इतका वेग. तिथे जवळच स्मारक आहे. सायकलवाल्यांनीही त्यातून धडा घ्यावा. सौम्य उतार फसवा असतो. विजेची सायकल वीस-पंचवीस किलोची, ती साध्या सायकलीपेक्षा उशिरा थांबते. खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस तोंडावर पडतो. म्हणून पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत चढणं, उतरणं, थांबणं यांचा सराव करावा. हृदयविकार असेल किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मोटर पायांचं ओझं हलकं करते, हृदयाची जबाबदारी घेत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं आता न्यूझीलंडला आहेत. तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. इथून विजेची सायकल नेण्याचा विचार करू नका. १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि सायकलीची बॅटरी त्याच्या तिप्पट असते. तिथेच भाड्याने घ्यावी. ऋतू आपल्या उलट आहेत. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. जुलैमध्ये हाडं गोठवणारी थंडी असते. उन्हाळ्यातही एकाच दिवशी ऊन आणि गार वारं दोन्ही भेटतात, तेव्हा वारा अडवणारं जाकीट हाताशी हवं. हा मेंढपाळांचा मुलूख आहे. शाकाहारी असाल तर सहल ठरवतानाच सांगून ठेवा, म्हणजे लहान गावात उपासाची पाळी येणार नाही.

काहीजण म्हणतात, मोटर लावली तर ती सायकल कसली? ज्याच्या पायांत बळ आहे, त्याने खुशाल साधी सायकल घ्यावी. वाट दोघांनाही मोकळी आहे. पण पंचविशीतला मुलगा, त्याची पासष्टीची आई आणि दहा वर्षांची भाची एकाच वेगाने, गप्पा मारत चालली आहेत, हे दृश्य या मोटरीमुळे शक्य झालं. नाहीतर आई गाडीत बसून पुढच्या मुक्कामी वाट पाहत राहिली असती.

आणि त्या गावांचं काय? रॅनफर्ली, ओटुरेहुआ, वेडरबर्न ही नावं एरवी नकाशावरून हळूहळू पुसट झाली असती. ती टिकली, कारण रूळ गेले तरी जमिनीची पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली नाही. ती सलग राहिली. एकदा मधला एखादा पूल मोडला, भराव खणून नेला किंवा एखाद्या ठिकाणी घर उठलं, की शेकडो किलोमीटरची वाट पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य होतं. रेल्वे परत येवो न येवो, वाट मोडू न देणं हे पहिलं काम. ओटागोच्या लोकांनी ते वेळेवर केलं. त्याचं फळ त्यांना मिळतं आहे, आणि पाहुणा म्हणून जाणाऱ्या आपल्यालाही.