बर्फ फेकणारे यंत्र जागचे हलेना, तर?

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्याच्या एका रात्रीत फूट-दीड फूट बर्फ पडणे ही नवलाची गोष्ट नाही. मोटार बाहेर निघाल्याशिवाय नोकरी-धंदा नाही, आणि घरापुढचा पदपथ घरमालकानेच साफ करावा, असा अनेक शहरांचा नियम आहे. फावड्याने जड बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन दरवर्षी माणसे दगावतात. म्हणून तिकडे स्थायिक झालेली आपली माणसेही घरात स्नोब्लोअर ठेवतात. क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली असे यंत्र ट्रकवर बसवले होते. आता ते हाताने चालवण्याइतके लहान झाले आहे.

या यंत्राची हमखास तक्रार म्हणजे इंजिन सुरू, बर्फ कापणारा स्क्रूही फिरतो, पण चाके जागची हलत नाहीत. ऐन बर्फात मिस्त्री लवकर मिळत नाही आणि त्याची मजुरी तासावर असते. दोष बहुधा किरकोळ असतो, म्हणून आधी तो ओळखायला शिकावे, असे आम्ही सुचवतो.

मोठ्या यंत्रांपैकी बहुतेकांची रचना साधी आहे. इंजिनचा पट्टा धातूची एक तबकडी फिरवतो. तिच्याशी काटकोनात रबरी किनारीचे लहान चाक असते. मूठ दाबली की ही दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि यंत्र चालू लागते. रबरी चाक तबकडीच्या कडेकडे सरकवले की वेग वाढतो. मध्यबिंदू ओलांडून पलीकडे नेले की यंत्र मागे जाते.

तपासणी क्रमाने करावी. पहिली केबल. मूठ सोडल्यावर ती किंचित सैल, दाबल्यावर ताठ हवी. सैल राहिली तर चाक घसरते. अति ताठ असेल तर यंत्र आपोआप पुढे सरकते आणि रबर लवकर झिजते. दुसरा पट्टा. पिठाच्या गिरणीचा पट्टा ढिला झाला की जाते थांबते, तसेच येथेही. चकाकणारा, भेगाळलेला पट्टा बदलावा. तिसरे रबरी चाक. रबर झिजून धातू दिसू लागला की नवे बसवण्यास पर्याय नाही. तबकडीवर तेल, ग्रीस वा ओल असली तरीही चाक घसरते. ती स्पिरिटने पुसून कोरडी करावी. तेथे वंगण मुळीच घालू नये. एकच चाक फिरत असेल तर आसावरची पिन तुटली आहे का, ते पाहावे.

स्क्रूच्या पिना मात्र मुद्दाम नरम केलेल्या असतात. दगड अडकला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. चार पैसे वाचवण्यासाठी तेथे कडक बोल्ट घातला, तर पिनऐवजी गिअरबॉक्स फुटतो. कंपनीने सांगितलेलीच पिन घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. तोंडात अडकलेला बर्फ हाताने कधीही काढू नये. इंजिन बंद असले तरी पट्ट्यातला ताण पाती झटकन फिरवतो, आणि अनेकांनी अशीच बोटे गमावली आहेत. इंजिन बंद करावे, सर्व थांबेपर्यंत वाट पाहावी, मग काठीने बर्फ काढावा. दुरुस्तीपूर्वी स्पार्क प्लगची तार काढावी. तळाचे झाकण उघडण्यासाठी यंत्र उभे करायचे असेल, तर आधी टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. त्याचा धूर विषारी असतो.

काम संपल्यावर यंत्र दोन-तीन मिनिटे मोकळे चालवावे, म्हणजे आतला बर्फ उडून जातो आणि रात्री गोठून अडकत नाही. हंगाम संपला की तेल बदलावे. टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे, कारण शिळे पेट्रोल त्याची छिद्रे बुजवते. एक पट्टा, एक रबरी चाक आणि चार पिना उन्हाळ्यातच आणून ठेवाव्यात. पहिल्या वादळानंतर दुकानात रांग लागते, आणि मग माल मिळेलच असे नाही.