संजीवनीची किंमत : चार अब्ज

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणी घेऊन बहिणीकडे गेलो, तर घरभर चकलीचा खमंग वास सुटलेला आणि आमचे भाचेबुवा मात्र खोलीचे दार लोटून बसलेले! वय वर्षे चोवीस, नोकरी उत्तम. समोरच्या पडद्यावर कुठल्याशा परग्रहावरचा समुद्रकिनारा दिसत होता, गोळीबार ऐकू येत होता, आणि हा गृहस्थ खेळ थांबवून, हनुवटीला हात लावून बसलेला.

"काय रे, अडलं कुठं?" मी विचारले.

"मामा, दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. कुणाला वाचवू?"

मला हसू आले. खेळातली चित्रे ती. त्यांचे काय एवढे? पण पाच मिनिटे झाली, दहा झाली, तरी पठ्ठ्याचा हात हलेना. तेव्हा मीच खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्या संध्याकाळी जे ऐकले, ते वाचकांना सांगण्याजोगे आहे.

दोघांपैकी एक

या खेळाचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातील एडमंटन शहरच्या बायोवेअर कंपनीने त्याचा पहिला भाग २००७ साली, दुसरा २०१० साली आणि तिसरा २०१२ साली काढला. काळ बाविसाव्या शतकाचा. दर पन्नास हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतील प्रगत जाती नष्ट करणारी 'रीपर' नावाची प्रचंड यंत्रे, आणि त्यांच्याशी झुंजणारा कमांडर शेपर्ड. हा शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे. पण खरी खुबी वेगळीच आहे. पहिल्या भागात तुम्ही जो निर्णय घ्याल, तो तिसऱ्या भागापर्यंत तुमची पाठ सोडत नाही. पहिल्यात मेलेले माणूस तिसऱ्यातही मेलेलेच!

आमचा भाचा अडला होता तो विर्मायर नावाच्या ग्रहावर. शत्रूचा तळ उडवायला अणुबाँब लावलेला. अॅशली विल्यम्स आणि कायडन अलेन्को हे शेपर्डचे दोन साथीदार दोन ठिकाणी शत्रूच्या वेढ्यात सापडलेले. पोहोचायला वेळ आहे तो एकापाशीच. तिसरी वाट नाही. कितीही निष्णात खेळाडू असो, दोघांना वाचवणे त्याच्या हाती ठेवलेलेच नाही.

मेलेला कमांडर उठतो

आता गंमत पाहा. दुसरा भाग सुरू होतो तोच मुळी नायकाच्या मृत्यूने! यानावर हल्ला होतो, शेपर्ड अंतराळात फेकला जातो, पोशाखातली हवा गळून जाते. खेळणारा आ वासून बघत राहतो. मग 'सर्बेरस' नावाची एक गुप्त आणि बदनाम संस्था तो देह मिळवते आणि दोन वर्षे खपून, चार अब्ज 'क्रेडिट' खर्चून त्याला पुन्हा उभा करते. योजनेचे नाव 'लाझरस'. बायबलात येशूने थडग्यातून उठवलेल्या माणसाचे.

आपल्याकडे संजीवनी विद्या शुक्राचार्यांची. कचाला तिसऱ्यांदा उठवताना त्यांना स्वतःचे पोट फाडून घ्यावे लागले होते. तेव्हा किंमत तिथेही होतीच. फक्त हिशेब पैशात नव्हता.

साहजिकच खेळणाऱ्यांच्या डोक्यात चक्र सुरू झाले. शेपर्ड उठतो, तर अॅशली का नाही? कायडन का नाही? तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे, देह हवा. अणुस्फोटात देह कुठला राहायला? कोणी म्हणे, पैसा हवा. साध्या शिपायासाठी चार अब्ज कोण मोजणार? तिसरा प्रश्न सगळ्यांत बोचरा. उठून उभा राहिला तो शेपर्डच कशावरून? तिसऱ्या भागात तो सर्बेरसच्या तळावर आपल्याच पुनर्जन्माची जुनी चित्रफीत पाहतो आणि क्षणभर त्यालाच शंका येते, की मी खरा तोच, की स्वतःला शेपर्ड समजणारे एक यंत्र?

म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट

मला सर्वांत चटका लावून गेला तो मॉर्डिन सोलस. हा मनुष्य नव्हे; भराभर बोलणाऱ्या, जेमतेम चाळीस वर्षे जगणाऱ्या सॅलेरियन जातीचा शास्त्रज्ञ. क्रोगन नावाच्या लढवय्या जातीची मुले जन्मतःच दगावावीत, यासाठी पूर्वी एक रोग पसरवण्यात आला होता. पुढे तो बोथट होऊ लागला, तेव्हा त्याला पुन्हा धार लावणाऱ्यांत मॉर्डिन होता. तिसऱ्या भागात तोच त्यावरचा उतारा घेऊन कोसळत्या मनोऱ्यावर चढतो आणि प्राण देतो.

त्याला वाचवता येतच नाही असे नाही. येते! पण कसे? क्रोगनांचे दोन शहाणे पुढारी आधी मेलेले असावे लागतात, आणि मग मॉर्डिनचे मन वळवून, उतारा दिल्याचे नाटक करून, त्या साऱ्या जातीला फसवावे लागते. म्हणजे एका मित्राच्या प्राणासाठी न जन्मलेली लाखो मुले मोजायची. तर्क लढवणारे पुष्कळजण इथे येऊन गप्प होतात.

किलकिले दार

तिसऱ्या भागाच्या शेवटी खुद्द शेपर्डच मरतो. मार्च २०१२ मध्ये त्यावरून केवढे रण माजले! खेळणाऱ्यांनी निषेधाच्या निमित्ताने मुलांच्या एका धर्मादाय संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलर गोळा केले. कंपनीच्या कचेरीत चारशेच्या वर कपकेक पाठवले. रंग तीन, चव एकच! खेळाचे तीन शेवट असेच आहेत, हा टोमणा. जूनमध्ये कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला.

पण लेखकांनी एक दार किलकिले ठेवले होते. एका विशिष्ट शेवटी ढिगाऱ्यात पडलेली एक छाती एकदाच श्वास घेते. बस्स! शेरलॉक होम्सची आठवण व्हावी असाच हा प्रकार. कॉनन डॉयलने १८९३ साली त्याला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात लोटले, पण प्रेत सापडू दिले नाही. आणि १९०३ साली होम्स परत आला. पुढे २०२० साली नव्या 'मास इफेक्ट'च्या झलकेत शेपर्डची जुनी मैत्रीण लिआरा बर्फातून चिलखताचा एक तुकडा उचलून हसताना दाखवली. एका हसण्यावर तर्कांची केवढी इमारत उभी राहिली!

त्या दिवशी मी भाच्याला म्हणालो, "अरे, आत्ता एकाला वाचव. मग मागं जाऊन दुसऱ्याला वाचव!"

"ते येतं की, मामा. पण मग पहिला मरतो. मरण नुसतं जागा बदलतं."

मी काही बोललो नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात शस्त्रक्रिया करायची की नाही, असा प्रश्न आला होता. बहीण 'करू या' म्हणत होती. मी 'नको' म्हणालो. त्यानंतर कित्येक रात्री मी मनाने त्या खाटेपाशी परत गेलो, 'हो' म्हणून पाहिले. त्या दुसऱ्या वाटेवर आई वाचली असती असे कोणी सांगितले आहे? मेलेल्यांना उठवण्याचे हे तर्क पोरकट नाहीत, हे मला तेव्हा उमगले. आपण निवडलेली वाट चुकली तर नाही ना, एवढेच माणूस पुनःपुन्हा चाचपून पाहत असतो.

परवा भाच्याचा फोन आला. तिन्ही भाग संपले म्हणाला. शेपर्डच्या यानात गेलेल्यांच्या नावांची एक भिंत आहे. शेवटी शेपर्डच्या नावाची पाटी तिथे लावायची असते; पण तो श्वास ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या खेळात शेपर्डचे प्रिय माणूस पाटी हातात धरते आणि लावतच नाही.

"आणि तुझी अॅशली?" मी विचारले.

"तिचं नाव भिंतीवर आहे, मामा. राहू दे तिथंच."

मी फोन ठेवला आणि बहिणीला लावला. आईच्या त्या दुखण्याविषयी इतक्या वर्षांत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.