संथ गतीत थरथरणारी पिक-अप : दोष कसा ओळखावा?

पुणे-सातारा महामार्गालगतच्या कामथडीसारख्या गावात डिझेल पिक-अप हे आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. भाजीपाला व दूध बाजारात नेणे, खत-बियाणे आणणे, ही सारी भिस्त तिच्यावर असते. अशी गाडी महामार्गावर सुरळीत धावते; मात्र वेग उतरताच थरथरू लागते, झटके देते. पुष्कळदा घाईने पंप व नोझल उतरविले जातात, खर्च होतो आणि दोष कायम राहतो. प्रश्न केवळ खर्चाचा नाही. वरंधा घाटाच्या चढावर इंजिन बंद पडल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकरच संपते व पेडल जड होते.

संथ गतीतच का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याच्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच ते पेटते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० वेळा ज्वलन होते. वेग वाढला की फ्लायव्हील एका सिलिंडरची उणीव बरीचशी झाकते. संथ गतीत ज्वलनांमधील अंतर वाढते, डिझेलही अत्यल्प लागते. त्यामुळे लहानसा दोषही जाणवतो.

पहिली परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे. उभ्या गाडीतच इंजिन अडखळत असेल, तर दोष बहुधा इंधन, हवा वा ज्वलन यांत असतो. ते समगतीने चालत असूनही हादरे बसत असतील, तर इंजिनाचे फाउंडेशन रबर तपासावेत. केवळ क्लच सोडताना झटके येत असतील, तर क्लचप्लेट, हेच रबर किंवा शाफ्टचे क्रॉस पाहावेत. भरल्या गाडीत वरच्या गिअरमध्ये हळू चालविल्यानेही इंजिन धडधडते. गिअर उतरविताच ते थांबले, तर दोष चालविण्याच्या सवयीचा समजावा.

स्वस्ताकडून महागाकडे

इंजिन दोषी वाटल्यास प्रथम डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील दमट वाफेचे पाणी होते. पावसाळ्यात ही दक्षता विशेष हवी. नंतर नळ्यांचे जोड पाहावेत. सैल जोडातून हवा आत शिरली की डिझेलचा पुरवठा तुटक होतो. एअर फिल्टरही तपासावा.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर हवेची कमतरता किंवा डिझेलचे आधिक्य दर्शवितो. इंजिन तापल्यावरही येणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असू शकतो. निळा धूर ऑइल जळत असल्याची खूण होय. यानंतरच नोझलची चाचणी आणि शेवटी सिलिंडरमधील दाबाची मोजणी करावी.

जुन्या इंजिनात मेकॅनिक एकेका नोझलचा नट किंचित सैल करून आवाजातील फरक पाहतात. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही फरक पडत नाही, तो दुर्बल. कॉमन रेल इंजिनात मात्र हा प्रयोग कदापि करू नये. त्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो व डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरते. तेथे स्कॅनरनेच तपासणी करावी.

नोंदीचे महत्त्व

शासकीय वाहनाला लॉगबुक असते. तशी वही खाजगी पिक-अपलाही असावी. हादरा थंड इंजिनात की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भरल्या, कोणत्या गिअरमध्ये आणि धूर कोणता, या चार गोष्टी लिहून मगच कारागिराकडे जावे. ही साधी सवय शाळांतून व ग्रामसभांतून रुजविल्यास शेतकऱ्याचा अनाठायी खर्च वाचेल आणि घाटातील प्रवासही निर्धोक होईल.