चोरी झाली खरी. पण केली कोणीं?

दौलताबादचा किल्ला पाहून आलेल्या मनुष्यास दुसरें कांहीं आठवलें नाहीं तरी तेथली अंधारी आठवतेच. खंदक ओलांडून वर निघालें कीं खडकांत कोरलेला तो वळणावळणाचा मार्ग लागतो, आणि वाटाड्याच्या हातांतील उजेड एका वळणाआड गेला कीं शेजारीं चालणारा सख्खा भाऊही दिसेनासा होतो. आवाज ओळखूं येतो, हाताचा स्पर्श ओळखूं येतो. चेहरा मात्र ओळखूं येत नाहीं. शत्रूनें आंत शिरावें आणि चांचपडत राहावें, यासाठींच ती योजना होती.

याच गडावर चौदाव्या शतकांत मोठमोठ्या गुन्हेगारांना कोंडीत असत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा इ. स. १३४२ मध्यें दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला, तो वाटेंत दौलताबादेस आला. (त्या काळीं वकील म्हणजे दरबाराचा प्रतिनिधि, कोर्टांतला नव्हे.) येथील तळघरांतले उंदीर मांजरांहून मोठे असून मांजरेंच त्यांना भितात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. कोंडलेल्या मनुष्याची बाजू मांडणारा कोणी असे काय, याविषयीं मात्र त्याच्या वर्णनांत शब्द नाहीं.

आतां आजचा प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. वेरूळचीं लेणीं पाहून एक जोडपें मोटारसायकलवरून दिवेलागण उलटल्यावर शहराकडे परत येत आहे. दौलताबादच्या घाटांतील एका वळणावर दोघे जण आडवे होतात. एकाच्या हातांत सुरा, दुसऱ्याच्या तोंडाला रुमाल. बाईच्या गळ्यांतील मंगळसूत्र, नवऱ्याचा फोन आणि पैशाचें पाकीट घेऊन दोनतीन मिनिटांत ते अंधारांत नाहींसे होतात. आठ दिवसांनीं पोलीस वीटभट्टीवरील एका मजुरास पकडतात. फिर्याद खरी, बाईचें रडें खरें, सोनें गेलें हेंही खरें. अशा खटल्यांत बचावाचा वकील उभा राहतो, तेव्हां पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही असा उद्गार निघतो कीं, झालेली चोरी हा गृहस्थ न झालेली कशी करणार? परंतु चोरी झालीच नाहीं, असें तो बहुधा म्हणतच नाहीं. ती झाली हें तो मान्य करतो आणि एवढेंच विचारतो : तो मनुष्य हाच काय?

त्या आधीं मात्र त्याला दुसरी एक गोष्ट पाहावी लागते. झालेला गुन्हा नेमका कोणता? लोकव्यवहारांत चोरी, लूट, दरोडा हे शब्द आपण सैलपणें वापरतों. कायदा तसें करीत नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३०९ व्या कलमाप्रमाणें चोरी करण्यासाठीं किंवा चोरलेला माल नेण्यासाठीं इजा केली अथवा तत्काळ इजेचें भय घातलें, म्हणजे ती जबरी चोरी. शिक्षा १० वर्षांपर्यंत. सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान हमरस्त्यावर झाली तर १४ वर्षांपर्यंत. पांच किंवा अधिक जणांनीं मिळून केली तर तो दरोडा, आणि त्यास जन्मठेपही होऊं शकते. उलट, धमकी नाहीं, मार नाहीं, केवळ झडप घालून वस्तु हिसकावली, तर त्यासाठीं नव्या संहितेंत ३०४ वें स्वतंत्र कलम आहे व त्याची शिक्षा ३ वर्षांपर्यंतच आहे. प्राणघातक शस्त्र वापरणाऱ्यास निदान ७ वर्षें शिक्षा द्यावीच लागते. पण ती ज्याच्या हातांत शस्त्र होतें त्यालाच, जोडीदाराला नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें जुन्या कायद्याखालीं ठरविलें आहे. म्हणजे सुरा कोणाच्या हातांत होता, हा प्रश्न काथ्याकुटाचा नसून एका मनुष्याच्या सात वर्षांचा आहे.

अटक झाल्यावर चोवीस तासांच्या आंत आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदांत लिहिलेला आहे. वीटभट्टीवरच्या मजुराजवळ वकिलाची फी कोठून असणार? त्यासाठीं १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा आहे. कोठडींत असलेल्या मनुष्यास उत्पन्नाची अट न लावतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. ही गोष्ट ज्यांना कळावयास हवी त्यांनाच बहुधा ठाऊक नसते. घरच्या माणसांनीं भांडीं गहाण टाकून मध्यस्थांचे खिसे भरण्यापूर्वीं जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाच्या कचेरीची पायरी चढावी, हें बरें.

वकील भेटल्यावर आरोपीनें त्याला सर्व कांहीं खरें सांगावें. आरोपी आणि वकील यांच्यामधील बोलणें कायद्यानें गुप्त राखलेलें आहे. वकिलास तें परवानगीवांचून उघड करतां येत नाहीं. (पुढें करावयाच्या एखाद्या गुन्ह्याची मसलत मात्र यांत बसत नाहीं.) लपवाछपवी केली तर आपल्याच बाजूचा मनुष्य भर कोर्टांत अंधारींतल्या पाहुण्यासारखा ठेंचकाळतो. आरोपी दोषी आहे असें स्वतःला वाटलें तरी वकिलानें त्याचा बचाव केला पाहिजे, असा वकिलांच्या परिषदेचाच नियम आहे. न्याय देण्याचें काम न्यायाधीशाचें. तें वकिलानें आपल्या बैठकींत उरकून टाकूं नये, हा त्यामागील हेतु.

आतां मुख्य गोष्टीकडे, म्हणजे ओळखीकडे वळावें. फिर्यादीनें चोरांना पूर्वीं कधीं पाहिलेलें नाहीं. अशा वेळीं ओळखपरेड घेतात. तिच्याविषयीं मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेंत बारकाईनें सूचना दिल्या आहेत. परेड दंडाधिकाऱ्यानें घ्यावी, पोलिसांनीं तेथें थांबूं नये, दोन प्रतिष्ठित पंच असावेत. एक संशयित असेल तर त्याच्या सोबत निदान सहा इसम उभे करावेत, आणि ते वयानें व अंगलटीनें त्याच्यासारखे असावेत. दाढी वाढलेल्या, मळक्या कपड्यांतल्या मजुराच्या दोन्ही बाजूंस इस्त्रीच्या सदऱ्यांतले कारकून उभे केले, तर त्याला ओळखावयास डोळे तरी कशाला हवेत?

या परेडीच्या आधीं आरोपी साक्षीदाराच्या दृष्टीस पडतां कामा नये. म्हणूनच त्याला तोंड झांकून नेतात. ठाण्याच्या ओसरीवर तो बसलेला असतांना फिर्यादी आंत येऊन गेला, किंवा त्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें, अथवा आतांच्या काळांत मोबाइलवरून घरोघर फिरलें, तर परेडीस फारसा अर्थ उरत नाहीं. कारण साक्षीदार घाटांतला चेहरा ओळखतो कीं ठाण्यांतला, हें मग त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं. आपल्याला आधींच दाखविलें गेलें आहे, असें आरोपीस वाटत असेल तर त्यानें तें वकिलाकरवीं दंडाधिकाऱ्यास त्याच दिवशीं सांगून लिहून घ्यावें. वर्षानें सांगितलेलें उशिरा सुचलेलें म्हणून बाजूस पडतें. शिवाय परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे. ती कोर्टांतल्या साक्षीला टेकू देते, इतकेंच. उलटतपासाचा भर म्हणूनच साध्या साध्या प्रश्नांवर असतो. उजेड कोठला होता? मोटारसायकलचा दिवा चालू होता काय, आणि त्याचा झोत कोणाच्या तोंडावर होता? पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर होती कीं सुऱ्याच्या पात्यावर? पहिल्या फिर्यादींत चोराचें वर्णन काय दिलें होतें? त्यांत गालावरचा व्रण नसेल आणि परेडीच्या वेळीं तो आठवला असेल, तर मधल्या दिवसांत काय घडलें? असे प्रश्न विचारतांना त्या बाईला खोटारडी ठरविण्याची गरज नसते. ती खरें बोलत असूनही चुकलेली असूं शकते, आणि हेंच सामान्य मनुष्यास पटत नाहीं.

इंग्लंडांत अडोल्फ बेक नांवाच्या गृहस्थास १८९६ सालीं बायकांचे दागिने लुबाडल्याच्या आरोपावरून ७ वर्षांची शिक्षा झाली. एकामागून एक अशा अनेक स्त्रियांनीं हाच तो म्हणून शपथेवर सांगितलें होतें. १९०४ सालीं त्याच तऱ्हेच्या आरोपावरून तो पुनः दोषी ठरला, आणि इतक्यांत खरा लफंगा सांपडला. त्या बायकांपैकीं कोणी लबाड नव्हती. या प्रकरणाचा एवढा गवगवा झाला कीं, १९०७ सालीं तेथें फौजदारी अपिलाचें निराळें न्यायालयच निघालें.

ओळखीच्या खालोखाल महत्त्व जप्त मालाचें. पोलिसांपुढें दिलेली कबुली पुराव्यांत चालत नाहीं. पण तिच्यामुळें एखादी वस्तु सांपडली, तर त्या वस्तूकडे नेणारा तेवढाच भाग चालतो. प्रिव्ही कौन्सिलनें पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणांत घालून दिलेली ही रेषा आजही पाळली जाते. ‘मीं लुटलेलें मंगळसूत्र कडब्याच्या गंजीखालीं पुरलें आहे’ या वाक्यांतील पुरल्याचा भाग राहतो, लुटल्याचा गळतो. मग वकील पंचांकडे वळतो. पंच नेहमींचेच तर नव्हेत ना? गंज उघड्यावर होती कीं कुलपाच्या आंत? दागिना त्याच बाईचा, ही ओळख कशावरून पटली? चोरीनंतर लौकरच माल जवळ सांपडला आणि त्याचा खुलासा देतां आला नाहीं, तर कोर्ट विरुद्ध अनुमान काढूं शकतें, हेंही वकिलानें आरोपीस स्पष्ट सांगितलें पाहिजे.

त्या रात्रीं आपण दुसरीकडे होतों, असें आरोपी म्हणत असेल तर तें त्यालाच दाखवावें लागतें, आणि येथें दिरंगाई घातक होते. ढाब्यावरच्या किंवा पेट्रोलपंपावरच्या कॅमेऱ्यांतील चित्रें कांहीं दिवसांनीं पुसलीं जातात. तीं राखून ठेवण्याचा अर्ज ताबडतोब करावयास हवा. अशा चित्राच्या प्रतीसोबत कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्रही लागतें. याविषयींचा प्रमुख निकाल सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं दिला, तो शेजारच्या जालना मतदारसंघाच्या निवडणुकीच्या तंट्यांतूनच निघाला होता.

हें सारें वाचून एखाद्यास वाटेल कीं, इतकी कीस काढण्याची जरूरी आहेच काय? नाशिक जिल्ह्यांतील एक प्रकरण त्यानें पाहावें. ५ जून २००३ च्या रात्रीं पेरूच्या बागेंत झोंपडींत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पांच माणसें मारलीं गेलीं, स्त्रियांवर अत्याचार झाले. एक आई व तिचा मुलगा मात्र जिवंत राहिलीं. भटक्या समाजांतील सहा मजुरांना या गुन्ह्यासाठीं धरण्यांत आलें. १८७१ च्या कायद्यानें ज्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानलें होतें, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ सालीं देशभर कायद्यानें पुसला गेला. लोकांच्या व ठाण्यांच्या मनांतून तो गेला असें म्हणवत नाहीं. सत्र न्यायालयानें २००६ सालीं सहाही जणांस फांशी सांगितली. उच्च न्यायालयानें २००७ सालीं तिघांची फांशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुनः सहाही जणांना फांशी ठोठावली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळीं अल्पवयीन होता, हें पुढें निष्पन्न झालें.

मग प्रकरण पुनर्विलोकनासाठीं उघडण्यांत आलें. न्यायमूर्ति सीकरी, नझीर आणि शहा यांच्यापुढें त्याची सुनावणी झाली, आणि कागदपत्रांतील एक गोष्ट या वेळीं तिच्या योग्यतेप्रमाणें तोलली गेली. वांचलेल्या त्या आईनें घटनेनंतर दोनच दिवसांनीं, ७ जून २००३ रोजीं, पोलिसांच्या संग्रहांतील छायाचित्रांवरून चार जण ओळखून दाखविले होते. ते चौघे या सहांपैकीं नव्हते. त्या चौघांचा तपास झाला नाहीं, त्यांच्यावर खटला भरला गेला नाहीं, आणि हे सहा जण मात्र तिनें नंतर ओळखले म्हणून फांशीच्या कोठडींत गेले. चेहरा ताजा असतांना केलेली ओळख एकीकडे आणि नंतरची ओळख दुसरीकडे. वकिलानें विचारावयाचा प्रश्न तोच होता.

५ मार्च २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांना निर्दोष सोडलें. त्यांना न्याय्य रीतीनें खटला चालवून मिळाला नाहीं, असें निकालांत म्हटलें आहे. प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई राज्यानें द्यावी आणि तपासांत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करावी, असा हुकूम झाला. अटकेपासून सुटकेपर्यंत सुमारे १६ वर्षें गेलीं होतीं.